मान तिरकी, हात मोकळे

हेल्मेट आणि गालाच्या फटीत मोबाइल खोचून दुचाकी हाकणाऱ्या, तसेच कानात ब्लूटूथ घालून चारचाकीतून कचेरी चालवणाऱ्या तमाम कार्यदक्ष बंधुभगिनींस,

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या कर्तबगारीची म्हणावी तशी कदर होत नाही. मान एका खांद्याकडे कललेली, हेल्मेटचा पट्टा सुटा (लावला तर फोन नीट बसत नाही), शेजारून बस घासून जाते आहे आणि आपण पलीकडच्याला निवांत सांगता, ‘‘हां, बोल बोल, गाडीवरच आहे.’’ हे सोम्यागोम्याला जमणारे नाही. शिवाय आपण कायदा कोळून प्यायला आहात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि चालवताना हातात धरायचा फोन वापरणे हे धोकादायक चालवणे ठरले. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. आपण नेमके हेरलेत की कायद्याचे भांडण हाताशी आहे, बोलण्याशी नाही. तेव्हा हात मोकळे केलेत. हवालदाराने अडवलेच तर ‘‘साहेब, हातात कुठे आहे?’’ हा युक्तिवाद तयार.

अडचण एवढीच, की अपघाताला कलमे वाचता येत नाहीत. टोरोंटोमध्ये फोन बाळगणाऱ्या आणि अपघात झालेल्या 699 चालकांची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी चालकांच्या सांगण्यावर विसंबून न राहता फोनची बिलेच तपासली. बोलत असताना धडकण्याचा धोका सुमारे चौपट निघाला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचे काही दिसले नाही. पुढे युटा विद्यापीठाच्या प्रयोगांतही तेच आढळले. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकावर पडलेली असायची, पण नंतर विचारले तर फलक आठवत नसे. डोळे उघडे, पण आतला माणूस दुसऱ्याच गावी. ‘‘माझे लक्ष समोरच असते’’ असे आपण म्हणता तेव्हा आपण खोटे बोलत नाही. जे दिसलेच नाही ते चुकले, हे कळणार तरी कसे? त्यात ‘नुसते नाव बघतो कोणाचे आहे ते’ हा प्रकार वेगळाच. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. नाव वाचायला दोन सेकंद लागले, तर शहर बसच्या जवळपास तीन लांब्या आपण आंधळेपणाने पार करता.

यावर आपले म्हणणे ठरलेले आहे: मग शेजारी बसलेल्या बायकोशी बोलतो ते चालते का? चालते. तिला समोरचा ट्रक दिसतो. ती मध्येच गप्प होते, ‘‘अहो, ब्रेक!’’ म्हणते. फोनवरच्या मेव्हण्याला ट्रक दिसत नाही. आपण वळण घेत असतानाच त्याला प्लॉटचा भाव सांगायचा असतो. युटाच्याच एका प्रयोगात ठरलेल्या ठिकाणी वळायला सांगितलेल्या चालकांपैकी फोनवर बोलणाऱ्या जवळपास निम्म्यांचे वळण हुकले. सोबत्याशी गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेक बरोबर वळले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकारी अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतले मोबाइलच्या खाती 3,395 मृत्यू, तर अतिवेगाच्या खाती सत्तर टक्क्यांहून अधिक. मग आमच्याच मागे का लागता? पण वेगाचा अंदाज गाडीच्या चेंदामेंद्यावरून बांधता येतो. कानातले संभाषण पंचनाम्यात सापडत नाही; फोनची नोंद कोणी मागवली तरच कळते, आणि वाचलेला चालक ते आपण होऊन कशाला सांगेल? आणि समजा, आकडा अगदी बरोबर आहे. तरी तीन हजारांवर माणसे, म्हणजे रोज नऊ. ही किंमत ‘‘पोचतोच आहे पाच मिनिटांत’’ एवढे सांगण्याची.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र थट्टा आवरती घ्यावी लागते. फोन उचलला नाही तर साहेब ओरडतात. खाण्याची पार्सले पोचवणाऱ्या पोराला तर पुढची ऑर्डरच चालत्या गाडीवर फोनमध्ये येते आणि ती स्वीकारायला मोजके सेकंद असतात. त्याच्याकडून हजार रुपये वसूल करून काय साधणार? बंदोबस्त पलीकडच्या टोकाला करायला हवा. गाडी चालू असताना ऑर्डर दाखवूच नये, हे कंपनीला करता येते. चालत्या गाडीवरचा कॉल घेऊ नये, असा लेखी नियम कुठलेही कार्यालय उद्या काढू शकते, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. आणि फोन करणाऱ्याला ‘‘गाडीवर आहे’’ हे उत्तर आले, तर पुढचा शब्द ‘‘ठेव’’ एवढाच असावा. आज तो ‘‘दोनच मिनिटे’’ असा असतो.

तेव्हा हे पत्र आपल्या साहेबांनाही पाठवावे. फक्त त्या वेळी ते गाडी चालवत नाहीत ना, एवढे विचारून घ्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पादचारी