चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

टाटा नेक्सॉनची लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि तिचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे. अभियंत्यांनी हात आखडता घेतला, असे कुणाला वाटेल. पण चार मीटर आणि बाराशे सीसी या दोन्ही मर्यादांत राहणाऱ्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के जीएसटी आहे. यातली एक जरी ओलांडली तरी ४० टक्के. विजेची गाडी असेल तर लांबी कितीही असो, ५ टक्के. थोडक्यात, कौटुंबिक एसयूव्हीचे पहिले माप अर्थमंत्रालयात घेतले जाते; रांजणगावच्या कारखान्यात तिला चाके आणि सनरूफ बसवतात.

सरकारने इतका विचार करून दिल्यावरही निवड कुटुंबालाच करावी लागते. कोथरूडमधले असेच एक कुटुंब. कर्ता पुरुष हिंजवडीला नोकरीला, जाऊन-येऊन रोजचे चाळीस किलोमीटर. त्याने वही काढली. शहरात लिटरला बारा किलोमीटर आणि पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपये. विजेची गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. महावितरणचा वरचा स्लॅब धरला तरी तीन रुपयांच्या आत. महिन्याला साडेपाच-सहा हजार वाचतात. शिवाय पंधरा लाखांच्या पेट्रोल गाडीवर राज्याचा १२ टक्के वाहनकर, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. विजेच्या गाडीला तो माफ. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, पण त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. त्यामुळे तीस लाखांवरची गाडी घेणाऱ्या गरजूंचीही सोय झाली.

हिशेब वीजगाडीच्या बाजूने पडला. त्याच क्षणी आजोबांनी विचारले, “आणि गणपतीत कोकणात कसं जायचं?”

वही मिटली. गाडी वर्षातले तीनशे साठ दिवस हिंजवडीला जाणार असली, तरी ती घ्यायची असते उरलेल्या पाच दिवसांसाठी. पुणे ते रत्नागिरी सुमारे तीनशे किलोमीटर. क्रेटा इलेक्ट्रिक बाजारात आली तेव्हा तिच्या मोठ्या बॅटरीचा दावा ४७३ किलोमीटरचा होता. चाचणीतल्या गाडीला ताम्हिणी घाट, एसी आणि परतीच्या फणसपोळ्यांचा डबा नसतो हे धरून चौथा हिस्सा वजा केला, तरी गाव येते. महिंद्राच्या बीई ६चा दावा तर ६८०च्या वरचा. तेवढ्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जवळजवळ संपतो. मात्र रोजच्या वापरात कंपनी स्वतःच पाचशेच्या वर एवढेच सांगते, म्हणजे नागपूरची संत्री वाशिम जिल्ह्यातूनच मागवावी लागतील.

“वाटेत पाऊण तास चार्जिंगला थांबायचं? तेवढ्यात माणूस घरी पोचतो,” मामा म्हणाले. मामांना माणगावची कोंडी ठाऊक आहे. दर भाद्रपदात ते तिथे दोन-दोन तास असतात. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. नेक्सॉनची वीजगाडी जानेवारी २०२०मध्ये आली, तिच्या मागून अनेक कंपन्यांच्या आल्या, आणि रस्ता अजून येतोच आहे. गंमत म्हणजे अशा कोंडीत विजेच्या गाडीला फक्त एसीपुरती वीज लागते. पेट्रोलचे इंजिन जागच्या जागी तेल पीत बसते. पण मामांचा पेट्रोलवर विश्वास आहे. त्यांच्या टाकीतला पाचवा हिस्सा आता इथेनॉल आहे, ज्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण तृतीयांशाने कमी. वीस टक्के मिश्रणाचे मूळ उद्दिष्ट २०३०चे होते, ते २०२५वर आणून गाठलेही. कोकणातल्या महामार्गाखाली ऊस लावला असता तर कदाचित तोही वेळेत झाला असता.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हिरवी नंबरप्लेट हवी होती. हिरव्यावर पांढरी अक्षरे, पीयूसीची कटकट नाही, धूर नाही. धूर नाही असे नाही, तो चंद्रपूरला निघतो, असे बाबांनी सांगितले. चंद्रपूरच्या लोकांना यावर काय वाटते, हा प्रश्न कोथरूडच्या बैठकीत आला नाही.

शेवटी निकाल सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागला. सेक्रेटरींकडे अर्ज गेला: स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मीटरवरून एक चार्जर. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. “एकाला दिलं की सगळे मागतील,” ते म्हणाले. एकाने मागितले तेव्हा ‘इतर कुणाची मागणी नाही’ असे त्यांनी मागच्याच वर्षी लेखी कळवले होते. विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचे ठरले. सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ती तीस तारखेला असते. तोवर विसर्जन झालेले असते.

कुटुंबाने मग पेट्रोलची गाडी बुक केली. साधे मॉडेल लगेच मिळत होते. सनरूफ हवे असेल तर दहा आठवडे थांबावे लागेल, गाडी गणपतीनंतर येईल, असे शोरूममधून कळले. थांबायला सगळे एकमताने तयार झाले. कोकणात जायला मामांनी भाड्याची इनोव्हा सांगून ठेवली आहे.