मुक्काम पोस्ट मदरबोर्ड

मा. बायोससाहेब,
तंबाखूची वखार, निपाणी, जि. बेळगाव.



परवा सकाळी दिवाणजींनी कॉम्प्युटर चालू केला आणि तुम्ही काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' अशी एका ओळीची नोटीस लावून गप्प बसलात. हार्डडिस्कवरची विंडोज गेली होती, हे मान्य. पण ट्रेमध्ये नवी डीव्हीडी हजर होती. तिच्याकडं तुम्ही ढुंकूनही बघितलं नाही.

दिवाणजींनी तिथल्या तिथं निकाल दिला, "ड्राइव्ह गेला बघा." आता ड्राइव्ह धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही. वखारीतलाच तो. टाचणी बारीक भोकात घालून ट्रे बाहेर ओढला तर लेन्सवर तंबाखूची पिवळी बुकणी, आणि मला जो ठसका लागला तो चहा येईपर्यंत थांबेना. कापसाच्या काडीनं स्पिरिट लावून लेन्स पुसली. "अहो, गाणी तर वाजतात की त्याच्यावर," दिवाणजींचं चालूच. साहेब, हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. गाण्याच्या सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. एक मेला तरी दुसरा गात राहतो.

असो. लेन्स पुसल्यावर डीव्हीडी फिरली, हिरवा दिवा लुकलुकला, आणि तुम्ही परत तीच नोटीस डकवलीत. म्हणजे अर्ज पोचला होता, टेबलावरून हलला नव्हता.

डिलीट दाबून तुमच्या दप्तरात शिरलो. क्रमवारीत पहिली हार्डडिस्क, दुसरं नेटवर्क (वखारीत कुठलं नेटवर्क? पण नंबर लागलेला), तिसऱ्या जागी 'डिसेबल्ड'. बिचाऱ्या ड्राइव्हचं नावच यादीत नाही. मागल्या पावसाळ्यात मी स्वतः त्याला पहिल्या जागी बसवून गेलो होतो. मग तुमचं घड्याळ बघितलं: १ जानेवारी २००९. उलगडा झाला. तुमची सगळी स्मरणशक्ती तीन व्होल्टच्या एका बटणसेलवर चालते. तो मेला की मधल्या सगळ्या आदेशांवर पाणी आणि कारखान्यातनं आलेला क्रम परत लागू. सेल बदलला, ड्राइव्हला परत पहिल्या जागी बसवलं. इतक्या स्वस्तात आठवण परत येणारं दुसरं ऑफिस जिल्ह्यात असेल तर कळवा.

तुमच्या घराण्याचं चकत्यांशी वाकडं जुनंच. पूर्वी फ्लॉपी किंवा हार्डडिस्क, एवढीच तुमच्याकडं ऊठबस. १९९५ साली फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी एल टोरिटो नावाचा नियम केला तेव्हा कुठं सीडीची सोय झाली. ज्या कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन हॉटेलात ही कल्पना जुळली त्याचंच नाव नियमाला दिलं म्हणतात. निपाणीत जुळली असती तर आम्ही आज मिसळ नियम पाळत असतो. त्यातही सीडीला फ्लॉपीचं सोंग घ्यायची मुभा ठेवली, तुम्ही बिचकू नये म्हणून. चकतीच्या सतरा नंबरच्या सेक्टरमध्ये चिठ्ठी ठेवायची, ती वाचून तुम्ही दार उघडायचं.

दिवाणजींच्या भाच्यानं केलेल्या डीव्हीडीत ती चिठ्ठीच नव्हती. त्यानं डाउनलोड केलेली आयएसओ फाइल जशीच्या तशी चकतीवर ठेवून दिलेली, कपाटात पुडकं ठेवावं तशी. ती 'इमेज' म्हणून बर्न करायची असते. इथं तुमच्याकडं बोट दाखवायला जागा नाही. चकती नवी केली.

मग तुमच्या परवानगीनं डीव्हीडी म्हणाली, कुठलीही कळ दाबा. पाच ठिपके पडेस्तोवर. दिवाणजींनी चष्मा चढवेपर्यंत मुदत संपली. साहेब, आमच्या निपाणीचा क्रम १९५६ पासून लागतोय. सीमावादावरच्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्या, बेळगाव कर्नाटकात ठेवा म्हटलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि तुम्ही आम्हाला पाच सेकंद देता?

बेळगावचे तुमचे धाकटे बंधू, युईएफआय, त्याहून कडक. टिळकवाडीतल्या एका पोराच्या नव्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून विंडोज ७ ची चकती घातली, तर सिक्युअर बूटचं कलम पुढं केलं: सही ओळखीची नाही. ते कलम २०१२ चं, चकती २००९ ची. आमच्याकडं नातवाकडं आजोबांच्या काळचे कागद मागतात. तिथं आजोबांकडंच नातवाच्या काळचा मागितला.

वखारीत मात्र शेवटी सेटअप उघडला. तारीख आणि चलन कुठल्या पद्धतीचं, या यादीत कन्नड आणि मराठी दोन्ही आहेत, मधे कझाक आणि कोरियन बसवलेत. कुणाची तक्रार नाही. फायली उतरल्या, मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, आणि पहिला नंबर आता डीव्हीडीचाच असल्यामुळं पुन्हा ओळ आली: कुठलीही कळ दाबा. इथं दाबायची नसते, दाबली की सगळं पहिल्यापासून. मी तोंड उघडायच्या आत दिवाणजींनी एंटर दाबला; या वेळी मुदतीत जमलं म्हणून खूशही झाले.

तरी दुसऱ्या खेपेला त्या ओळीखाली 'आता नको' एवढं लिहायची व्यवस्था व्हावी. मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये, दिवाणजी दोन्ही वाचतात.

आपला,
निपाणीचा एक स्क्रूड्रायव्हरवाला