भिंत रंगवण्याची सोपी पद्धत
होतकरू नगर-सुशोभकांसाठी मार्गदर्शिका, मुंबई आवृत्ती

मुंबईत मोकळी भिंत उरलेली नाही, ही अफवा आहे. भिंती रग्गड आहेत. फक्त प्रत्येकीवर आधीच काहीतरी असतं. दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज, टायपिंगचे वर्ग, ‘येथे लघवी करू नये’ ही सूचना आणि तिला मिळालेलं ओलं उत्तर. या सगळ्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात मारून वर कला चढवली की त्याला सुशोभीकरण म्हणतात. त्यासाठी चित्रकला यायलाच हवी असं नाही. शहराबद्दल तळमळ हवी, आणि मार्चअखेरीपूर्वी निधी संपवायची निकड हवी.

साहित्य

रस्त्याकडे तोंड केलेली भिंत, एक. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग, प्रायमर, पुट्टी, रोलर, तारेचा ब्रश. बांबूची परांची. परवानग्या, मिळतील तेवढ्या. कला महाविद्यालयातली मुलं, वडापाव आणि प्रमाणपत्राच्या बोलीवर. फीत, कात्री, ड्रोनवाला. परिसरातले रहिवासी, चवीपुरते.

पायरी १ : भिंत निवडणे

भिंतीसमोर कोण राहतं हे बघत बसू नये. भिंतीसमोरून कोण जाणार आहे, हे महत्त्वाचं. विमानतळाकडून येणारा रस्ता असेल तर उत्तम. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२०च्या बैठकांसाठी पाहुणे मुंबईत आले, तेव्हा काही वस्त्यांपुढे पडदे उभे राहिले होते. पडदा स्वस्त पडतो, पण तो काहीतरी झाकतोय हे लगेच कळतं. चित्रही झाकतं, आणि वर त्याचं कौतुक होतं.

नवशिक्यांनी उड्डाणपुलाच्या खांबापासून सुरुवात करावी. खांबाला शेजारी नसतात, सोसायटीचे सेक्रेटरी नसतात, आणि ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही’ असं खांब कधी म्हणत नाही.

याच्या नेमकं उलट करणारे लोकही असतात. ऑगस्ट २००९ मध्ये तुळशी पाइप रोडवर, म्हणजे पाटीवरच्या सेनापती बापट मार्गावर, रेल्वेची लांबलचक भिंत रंगवायला महापालिकेनं लोकांनाच बोलावलं. ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या मंडळींसोबत शेकडो माणसं ब्रश घेऊन आली. कोणी अप्रतिम काढलं, कोणी दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य यावर भागवलं. बसच्या खिडकीतून बघणाऱ्याला पुढच्या दहा फुटांवर काय येणार याचा पत्ता लागत नसे. अशा कामाचं अंदाजपत्रक करता येत नाही. टाळावं.

पायरी २ : परवानगी

मुंबईतली भिंत एकाची नसते. ती रेल्वेची असते, पालिकेची असते, म्हाडाची असते, सार्वजनिक बांधकाम खात्याची असते, नाहीतर बंदराची असते. तिच्या पायथ्याचा फूटपाथ दुसऱ्याचा आणि समोरचा खड्डा कोणाचाच नसतो. प्रत्येकाकडे अर्ज करावा. ‘सदर भिंत आमच्या अखत्यारीत येत नाही’ अशी लेखी उत्तरं सगळीकडून आली, की भिंत तुमचीच समजायला हरकत नाही.

विनापरवाना भिंत रंगवणाऱ्याला महाराष्ट्र मालमत्ता विरूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ लागू होतो. हा कायदा भिंतीवर फुलपाखरू काढणाऱ्या कॉलेजकुमाराला चटकन सापडतो. त्याच भिंतीवर ‘भावी आमदार’ लिहिणाऱ्याला शोधायला त्याला वेळ लागतो, कारण तिथे फक्त नाव, फोटो आणि मोबाइल नंबर एवढीच माहिती दिलेली असते.

पायरी ३ : विषय

विषय पूर्वीच ठरलेले आहेत. नव्या सुशोभकानं डोक्याला ताप करून घेऊ नये.

गांधीजींचा चष्मा. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून हा सर्वांत सोयीचा. चेहरा जमवावा लागत नाही. दोन गोल आणि मध्ये एक वळसा एवढ्यावर गांधीजी आटोपतात.

गळका नळ आणि त्याखाली पृथ्वी. याच्या शेजारी खरी पाइपलाइन गळत असेल तर चित्राला उठाव येतो.

पंख. मध्ये जागा सोडावी, म्हणजे माणूस उभा राहून स्वतःचा फोटो काढतो आणि चित्र पूर्ण करायचे कष्ट वाचतात.

मुंबईचं वैभव. डबेवाला, लोकल, काळीपिवळी पद्मिनी. पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. भिंतीवर मात्र तिची नवी नोंदणी जोरात चालू आहे.

आणि काहीच सुचलं नाही तर वारली. वारली म्हणजे दोन त्रिकोण, एक गोल, चार काड्या, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी असल्यानं ती पटकन होते. डहाणूच्या बाजूला वारली घरात लग्नाचा चौक लिहितात, तेव्हा कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून सवासिनी तो काढतात. मधोमध पालघट देवी बसते, आणि धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. चौक त्या घराचा, त्या लग्नाचा असतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या चौकाबाहेर नेली, रोजचं जगणं त्यात आणलं, जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सगळा इतिहास उड्डाणपुलाखाली मावत नाही. तिथे तारपा वाजवणारा माणूस काढावा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग खांबाच्या कडेपर्यंत नेऊन कापावी. वारली चित्रकाराला बोलावून, त्याला योग्य मानधन देऊन त्याच्याकडूनच काढून घ्यावं अशी एक विचारसरणी आहे, परंतु चौरस फुटाच्या दरात ती बसत नाही.

पायरी ४ : भिंतीची तयारी

ही पायरी वगळता येते. बहुतेक जण वगळतात, म्हणून उद्घाटन वेळेवर होतं.

न वगळणारे हट्टी लोक काय करतात ते माहितीसाठी देत आहोत. आधी जुन्या रंगाचे पोपडे पत्रीनं खरवडून काढतात. तारेचा ब्रश मारतात, शेवाळ धुतात. ओल कुठून येते ते शोधतात आणि आधी ती पन्हळ किंवा तो पाइप दुरुस्त करून घेतात, कारण भिंतीच्या पोटात पाणी असलं तर वरचा रंग कितीही महागाचा असो, तो फुगणार आणि सुटणार. भिंत वाळू देतात. भेगा भरतात, प्रायमर देतात, तोही वाळू देतात. काम दसऱ्यानंतर काढतात आणि पावसाआधी उरकतात. रंग निवडतानाही नखरे असतात: झगझगीत गुलाबी आणि पिवळे उन्हात लवकर उडतात, गेरूसारखे मातीचे रंग टिकतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कार्यादेश मिळालेल्या माणसाला हे ऐकवणं क्रूरपणा आहे.

पायरी ५ : चित्र चढवणे

लहान कागदावरचं चित्र मोठ्या भिंतीवर न्यायचं, तर कागदावर चौकटी पाडतात, भिंतीवर सुतळीला रंग लावून तिचे फटके मारून तेवढ्याच चौकटी पाडतात आणि एकेक चौकट उतरवत जातात. परांचीवर नाकासमोर भिंत असते; काढतोय तो डोळा आहे की मिशी, हे कळायला खाली उतरून रस्ता ओलांडावा लागतो. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके असेच चढले, शंभर फुटांहून उंच. ते चढवणाऱ्या चमूचे म्होरके रणजित दहिया तरुणपणी हरियाणात घरं रंगवायची कामं करायचे. नंतर कलाशिक्षण घेतलं आणि ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ काढून वांद्र्याच्या भिंतींवर सिनेमातली माणसं उभी केली. फाळके स्वतः जे. जे. कला शाळेचे विद्यार्थी. टेलिफोनच्या ऑफिसवर भारतीय मूकपटाचा जनक ही कल्पना शासकीय मंजुरीतून कशी निसटली, यावर चौकशी समिती बसलेली नाही.

तुम्ही एवढ्या उंचीच्या भानगडीत पडू नये. छापील फ्लेक्स लावून बाजूनं रंगाची चौकट काढली, तरी ड्रोनमधून फरक कळत नाही.

पायरी ६ : लोकसहभाग

अहवालात हा शब्द लागतो, म्हणून ही पायरी ठेवावी. उद्घाटनाच्या सकाळी वस्तीतली सात-आठ मुलं गोळा करावीत, त्यांचे पंजे रंगात बुडवून भिंतीच्या तळाशी उमटवावेत आणि फोटो काढावा. हात धुवायला पाणी कुठे आहे हे मुलांना माहीत असतं, कारण ती तिथेच राहतात.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाच्या शहरानं या बाबतीत चुकीचा पायंडा पाडला आहे. तिथे १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांना आवरायला पालिकेनं मोहीम काढली आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीला कामावर घेतलं. बाईंनी पोरांना पकडून द्यायचं सोडून त्यांच्याकडून भिंती रंगवून घेतल्या. आज त्या शहरात चार हजारांहून अधिक भित्तिचित्रं झाली आहेत. त्यांची पद्धत बघा: आधी वस्तीकडून मागणी येते, मग सभा. सभेत लोक भांडतात, कोणाचा चेहरा हवा, कोणाचा नको, यावर आराखडे बदलतात. पुढे चित्र पातळ कापडाच्या तुकड्यांवर, आकडे टाकलेल्या खणांत आखून शाळांतून, केंद्रांतून, तुरुंगांतूनसुद्धा फिरवतात. ज्याला ब्रश धरता येत नाही तोही आपल्या आकड्याचा खण रंगवतो. शेवटी तुकडे भिंतीवर चिकटवतात. यात वेळ किती जातो! शिवाय नंतर जो तो तिथे पाहुण्यांना आणून सांगत सुटतो, ‘तो निळा तुकडा दिसतोय ना, तो माझा.’

मुंबईतही ही लागण अधूनमधून होते. १८७५ सालच्या ससून डॉकमध्ये २०१७ मध्ये कलाप्रकल्प झाला, तेव्हा तिथेच राबणाऱ्या माणसांचे भलेमोठे काळेपांढरे चेहरे भिंतींवर लागले. मासळीच्या वासानं नाकाला रुमाल लावून आलेल्या मंडळींना, आपण ज्यांच्या दारात उभे आहोत त्यांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागला. सुशोभीकरणात असं अवघडलेपण अपेक्षित नाही.

पायरी ७ : नाव

भिंतीवर कोणाकोणाची नावं यावीत? संकल्पना कोणाची, निधी कोणाचा, सौजन्य कोणाचं, प्रमुख उपस्थिती कोणाची, या क्रमानं लिहावं. एवढं झाल्यावर उजव्या कोपऱ्यात तळाशी, गवत वाढतं तिथे, जागा उरलीच तर चित्रकार.

यावरून कोणी कुरकुर केली तर अजिंठ्याचा दाखला द्यावा. तिथलं १६ क्रमांकाचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं, असा शिलालेख आहे, आणि तो आजही वाचता येतो. आतली चित्रं ज्यांनी काढली त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. म्हणजे परंपरा दीड हजार वर्षांची आहे. तुम्ही फक्त ती पुढे चालवताय. फरक एवढाच की वराहदेवाच्या चित्रांना पहिल्या पावसात पोपडे आले नाहीत.

पायरी ८ : देखभाल

अशी पायरी नाही. रंगवायला तरतूद असते, राखायला नसते. रंग उडाला की ती नवी भिंत समजावी आणि पायरी १ वर जावं.

नेहमीचे प्रश्न

चित्रावर लोक थुंकतात. काय करावं?
जिन्याच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेल्या टाइल्स पाहाव्यात. गणपती, साईबाबा, मक्का आणि क्रॉस, सिमेंटनं एका ओळीत. कुठलीही निविदा न काढता वाढलेला हा शहरातला सर्वांत यशस्वी कलाप्रकल्प. तो देवाच्या भीतीवर चालतो असं आपण म्हणतो. खरं तर त्या टाइल्स जिन्यातल्याच कोणीतरी पदरचे पैसे घालून लावलेल्या असतात, आणि कोण थुंकतो यावर त्या माणसाचा डोळा असतो.

इमारत पुनर्विकासात गेली तर चित्राचं काय?
चित्रही जातं. बिल्डरच्या माहितीपत्रकात नव्या लॉबीसाठी ‘आर्ट वॉल’ लिहिलेली असते. तिच्यावर पद्मिनी टॅक्सी असते.

चित्र चांगलं झालं की नाही, हे कसं ओळखावं?
उद्घाटनाच्या दिवशी ओळखता येत नाही. त्या दिवशी सगळेच छान म्हणतात. एक पावसाळा जाऊ द्या. मग साध्या कपड्यांत, एकटेच, हातात कोचिंग क्लासचं एखादं पत्रक आणि खळीचा डबा घेऊन जा. भिंतीसमोर उभे राहा आणि ब्रश खळीत बुडवा. समोरचा पानवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, क्रिकेट खेळणारी पोरं, यांच्यापैकी कोणीही ‘ओ, तिथं नाही हां!’ म्हणून ओरडलं तर काम फत्ते झालं. माफी मागून निघून या. कोणीच ओरडलं नाही, तर तुमच्याकडे चित्र नाही, फक्त बिल आहे. ते मात्र जपून ठेवा, लेखापरीक्षणाला लागतं.