तारीख आधी, तपासणी नंतर

लग्नाचं बघायला सुरुवात झाली की सगळ्यांची नजर आधी मुलीच्या चष्म्यावर जाते. ‘लासिक करून घे, फोटो चांगले येतील,’ असं मामी सांगते, मावशी सांगते. मुलाच्या चष्म्याला कुणी हात लावत नाही. तो हुशारीत धरला जातो. एखाद्या स्थळासाठी निरोगी डोळ्यावर शस्त्रक्रिया करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. उणे सहा नंबर असलेल्याला उशाशी चाचपडून चष्मा सापडेपर्यंत भिंतीवरचं घड्याळ वाचता येत नाही. त्याला ही चैन कोण म्हणेल? राग आहे तो आधी तारीख धरायची आणि मग तपासणीला जायचं, या उलट्या कारभाराचा.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर. तो मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास. लासिकमध्ये त्याचा शंभरेक मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि खालचा भाग लेसरने कमी करतात. एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात, म्हणजे उणे सहाला सत्तर ते नव्वद. त्याखाली किमान 250 ते 300 उरायलाच हवेत, नाहीतर कॉर्निया पुढे फुगत जाण्याची भीती. मुळात 480च असेल तर गणित काठावर येतं. जाडी पुरली तरी आकाराचा नकाशा काढावाच लागतो, आणि त्यात केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा फुगण्याच्या आजाराची, शंका आली तर चांगला डॉक्टर सरळ नाही म्हणतो. त्या नकारावर विश्वास ठेवा. ‘सवलत रविवारपर्यंत’ म्हणणाऱ्या काउंटरवर नको.

आता पैसे. नंबर साडेसातच्या आत असेल तर आरोग्य विमा हा खर्च देत नाही. म्हणजे रक्कम निघणार घरखर्चातूनच, जिथून सासऱ्यांची शुगरची औषधं येतात, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय आणि धाकट्याचा चष्मा पुन्हा बदलायचाय. या रांगेत घरातली बाई स्वतःला शेवटी उभी करते. ते मला पटत नाही. पण एक गोष्ट मात्र मी तिच्याही आधी ठेवीन. मधुमेह असलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा, थेंब टाकून, तपासलाच पाहिजे. सुरुवातीला दुखत नाही, दिसायला कमी येत नाही, म्हणून ते राहून जातं आणि पुढे गेलेली नजर बऱ्याचदा परत मिळत नाही. लासिक वर्षभर लांबलं तर काही बिघडत नाही. नंबर वर्षभर स्थिर असल्याची खात्री तर तिथेही करतातच.

चाळिशीजवळ हा विचार करणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं: दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर पूर्ण काढला, तर औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला लवकरच जवळचा चष्मा लागेल. आणि मोठा उणे नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, पडद्याचा धोकाही तोच. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले किंवा प्रकाश चमकला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

करून घेतलंत तर शस्त्रक्रियेआधीचे कागद, म्हणजे नंबर, जाडी, नकाशा, सगळे जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर तेच मागतील.