हाडाचे संशोधक कसे व्हावे

अभिनंदन! विद्यापीठात राहून हाडं, स्नायू आणि सांध्यांवर संशोधन करायचं तुम्ही ठरवलंत. विषयाला मरण नाही. जगातल्या 171 कोटी माणसांना यातलं काही ना काही दुखतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पैशाचं तेवढं बघावं लागेल. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या शंभर रुपयांतले जेमतेम 64 पैसे आपण संशोधनावर खर्च करतो, आणि त्या रांगेत अग्निबाण, अणुभट्ट्या आणि क्षेपणास्त्रं तुमच्या पुढे उभी आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना रांगेची सवय असते, एवढाच काय तो दिलासा.

पुढच्या सूचना नवशिक्यांसाठी आहेत. मुरलेल्यांना त्या पाठ आहेत, पण ते सांगायचे नाहीत. तुमच्या प्रस्तावाचे परीक्षक तेच असतात.

1. प्रश्न खरा असेल तर लपवा.

समजा, तुम्हाला खरोखरच काही जाणून घ्यायचंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं ऐन तरुणपणी काढली गेल्याचं प्रकरण गाजलं, 2019 मध्ये सरकारनं चौकशी समिती नेमली. शस्त्रक्रियेत अंडाशयंही गेली असतील तर इस्ट्रोजेन जातं आणि त्याच्या मागोमाग हाडांतलं खनिज. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या मणक्यात चाळिशीला काय उरतं?

प्रश्न उत्तम आहे. कुणालाही समजतो, हा त्याचा दोष. समजणारा प्रश्न तज्ज्ञ समितीला हलका वाटतो. तेव्हा शीर्षक असं बांधा: 'विकसित भारत 2047 च्या परिप्रेक्ष्यात अस्थि-सूक्ष्मसंरचनेचे कृत्रिम बुद्धिमत्ताधारित बहुआयामी स्वदेशी प्रतिमान'. यात ऊस नाही, बाई नाही, बीड नाही. 'स्वदेशी' आहे. बास.

2. योग्य दार ठोठावा.

केंद्रात आयसीएमआर, डीबीटी, डीएसटी ही मोठी दारं. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग. एसईआरबीचे अर्ज तोंडपाठ केले असतील तर विसरा, त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. 2023 चा कायदा, पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये. त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि दात्यांकडून यायचे, असा मूळ हिशेब. या दात्यांपैकी कुणी भेटलं तर बसवून ठेवा, चहा सांगा. विद्यापीठातल्या विद्यापीठात मिळणारा बीसीयूडीचा, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाचा छोटा निधी विचारू नका. ते मंडळच 2016 च्या कायद्यानं गेलं. जुने प्राध्यापक त्याच्या नावानं अजून उसासे टाकतात, ते ऐकून घ्या. ज्येष्ठांचा आशीर्वाद फुकट असतो.

3. संशोधन सहाय्य कक्षाला भेट द्या.

यूजीसीनं 2022 मध्ये सांगितल्यापासून प्रत्येक ठिकाणी असा कक्ष असायला हवा, आणि तो असतोच. निदान पाटी असते. पाटीखालचं दार उघडलंत की एक टेबल, काच फुटलेलं घड्याळ आणि गोदरेजचं कपाट दिसेल. कपाटाची चावी भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेब नॅकच्या कामात. रागावू नका. त्यांचा पगार ज्या कामाचा आहे ते सोडून बाकीची सहा कामं ते करतात आणि ती बरी करतात.

कक्षाचं मुख्य सहाय्य ईमेलनं येतं. अंतिम मुदतीच्या दिवशी दुपारी चार चाळीसला 'माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी अग्रेषित' अशा एका ओळीसह निधी देणाऱ्या संस्थेचं अर्ज मागवणारं निवेदन तुमच्यापर्यंत पोचतं. मुदत पाचपर्यंत. उरलेल्या वीस मिनिटांत कुलसचिवांच्या सहीचं पत्र आणायचं. त्याची टिपणी विभागप्रमुखांकडून अधिष्ठात्यांकडे, तिथून लेखा विभागाकडे आणि मग आवक-जावककडे जाते. म्हणून अनुभवी मंडळी विषय, रक्कम आणि तारीख कोरी ठेवून सहीशिक्का आधीच घेऊन ठेवतात. हे चुकीचं आहे. दोन प्रती घ्या.

4. बाई नको, उंदीर घ्या.

आता नीट ऐका, इथंच नवशिके घसरतात. अंडाशय काढल्यावर हाडं कशी झिजतात हे पाहायचंय ना? अशा बायका मराठवाड्यात भेटतील. पण त्यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही. दिवाळीच्या सुमारास त्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परततात, आणि मधल्या काळात फडात, पाचटाच्या कोपीत राहतात. तिथं वातानुकूलन नाही, म्हणजे हाडांची घनता मोजायचं यंत्र नेता येत नाही. शिवाय त्या प्रश्न विचारतात. 'याचं आम्हाला काय?' या प्रश्नाला अर्जात रकाना नाही.

उंदराचं तसं नाही. मादी उंदराची अंडाशयं काढली की बाराएक आठवड्यांत हाडांची घनता घटते. जगभर मान्य असलेलं, शेकडो प्रयोगशाळांतून घासून गुळगुळीत झालेलं हे प्रतिमान आहे. बीडमध्ये जे बायकांवर आधीच झालं, ते इथं तुम्ही उंदरांवर मुद्दाम करणार, रीतसर परवानगी काढून. परवानगी हा यातला खरा फरक आहे.

घरोघर जायचा मोह होईल, तो आवरा. भिगवणला लोक फ्लेमिंगो बघायला जातात, पण 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तिथं सांधेदुखी मोजायला गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएलएआर यांच्या कॉपकॉर्ड उपक्रमातलं ते काम. प्रश्नावली, गावातली माणसं आणि पायपीट. त्यातून खेड्यातल्या दुखण्याचं जे चित्र मिळालं त्याचे दाखले आजही दिले जातात. दाखला तुम्हीही द्या, प्रस्तावनेत. अनुकरण मात्र करू नका. यंत्रसामग्रीच्या रकान्यात काय लिहाल? 'चपला'?

5. समित्यांचं पथ्य पाळा.

माणसांवर अभ्यास असेल तर मानवी नैतिकता समिती, औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी. उंदीर असेल तर प्राणी नैतिकता समिती आणि 'फॉर्म बी'. या समितीत बाहेरचा शास्त्रज्ञ लागतो, पशुवैद्य लागतो आणि सामाजिक भान असलेला एक सदस्य लागतो. हो, नियमातच आहे. बाकीच्यांना भान असण्याची सक्ती नाही. या सदस्याची प्रकृती, प्रवास आणि घरची लग्नकार्यं यांवर लक्ष ठेवा. ते नसले तर बैठक पुढे जाऊ शकते, आणि पुढची बैठक तिमाहीत.

दरम्यान वेळेचं भान तुम्ही ठेवा. उंदीर जगतो दोन ते तीन वर्षं. प्रस्ताव, सादरीकरण, त्रुटी, पूर्तता, पुन्हा त्रुटी, मंजुरी आणि पहिला हप्ता एवढं होईपर्यंत आज जन्मलेली उंदरीण पणजी झालेली असते. म्हणून प्रस्तावात उंदरांचं वय लिहा. जन्मतारीख लिहू नका.

6. खरेदी करा, म्हणजे करून पाहा.

घनता मोजायला डेक्सा यंत्र लागेल. क्ष-किरणांचं यंत्र असल्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा संकेतस्थळावर नोंद करावी लागते. हाडाच्या आतली जाळी पाहायची तर मायक्रो-सीटी, त्याला युपीएस, एसी आणि एसी चालू ठेवणारा माणूस. 2022 च्या जुलैपर्यंत सार्वजनिक संशोधन संस्थांना अशा उपकरणांवर 5 टक्के जीएसटी होता, मग सवलत गेली आणि 18 टक्के झाला. तुमचा प्रस्ताव सवलतीच्या काळात लिहिलेला असेल तर मधला फरक कुठून आणायचा? उंदीर कमी करा.

तीन कोटेशनं मागवा. तिन्ही एकाच टायपिंगच्या दुकानातून आल्यासारखी दिसली तर तसं बोलून दाखवू नका, तुलनात्मक तक्ता छान होतो. केंद्रानं जून 2025 मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, विनाकोटेशन खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. लेखा विभागात जाऊन हे सांगून पाहा. 'परिपत्रक अद्याप प्राप्त नाही' हे उत्तर उभ्याउभ्या मिळेल. त्या इमारतीत तेवढ्या वेगानं मिळणारी ती एकमेव गोष्ट आहे.

मग उंदीर येतात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्न येतो: त्यांची नोंद कुठं? कन्झ्युमेबलमध्ये घेतले तर वर्षअखेर शिल्लक दाखवता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये घेतले तर प्रत्येकावर क्रमांक रंगवावा लागतो. जिवंत असेपर्यंत डेडस्टॉक आणि मेल्यावर कन्झ्युमेबल, असा मध्यममार्ग सुचवून पाहा. लेखापरीक्षक शेवटी विचारणारच: 'अठ्ठेचाळीस घेतले, सेहेचाळीसचा हिशेब आहे, उरलेले दोन निर्लेखित केल्याचा ठराव कुठंय?'

7. हाड मोडा.

उंदराच्या मांडीचं हाड किती ताकदीला मोडतं, हे तपासायला नाजूक यंत्र लागतं. ते बजेटमधून कापलं गेलं असेल, कापलं जातंच. खचू नका. शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागाकडे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन असतं, क्षमता चाळीस टन. तिथले लॅब असिस्टंट मामा सकाळपासून बांधकामाच्या सळ्या तोडत असतात. तुम्ही रुमालातून आगपेटीच्या काडीएवढं हाड काढता. ते चष्मा वर करून बघतात.

'हे?'

'हो.'

'सर, सुई हलणारपण नाही.'

त्यांचं खरं आहे. हाड दहा-पंधरा किलोला मोडतं. चाळीस टनांच्या तबकडीवर एवढा भार म्हणजे टेबलावर माशी बसणं. तरी हाड मोडल्याचा आवाज आला, असं मामा आणि तुम्ही मिळून लिहून द्या. आंतरविद्याशाखीय सहकार्य म्हणतात ते हेच. अहवालात त्याला वेगळे गुण आहेत.

8. माणसं नेमा, फार नाही.

एक ज्युनिअर रिसर्च फेलो पुरे. 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, असा दर आहे. दर म्हणजे पगार नव्हे. पगार निधी आल्यावर येतो, आणि निधी मागच्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब दिल्यावर येतो. खर्च कसा करायचा? खिशातून. ऊसतोडीचा मुकादम निदान उचल आधी देतो. फेलोचं सातव्या महिन्यात तोंड उतरलं तर त्याला 'संशोधनात पैशाच्या मागे लागू नये' हे सांगा, आणि त्या दिवशीचा डबा त्याच्याबरोबर वाटून खा.

9. निकाल आले तर.

आले तर छापा. नाही आले तरी छापा.

10. मार्च जिंका.

एवढी मेहनत ज्यासाठी केली ते आता हातात येतं: उपयोगिता प्रमाणपत्र, घरगुती नाव यूसी. सामान्य वित्तीय नियम 2017, नमुना 12-अ. हाडांची घनता वाढली की घटली, हे तुम्हाला पुन्हा कुणी विचारणार नाही. यूसी मात्र जन्मभर विचारतील, तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या वारसांना विचारतील.

निधी नव्या शून्य-शिल्लक पद्धतीच्या खात्यात असेल तर 31 मार्चच्या रात्री न वापरलेली खर्चाची मर्यादा आपोआप संपते. ती मर्यादा आली असेल 24 मार्चला. सात दिवसांत काय घेता येतं याची यादी वर्षभर खिशात बाळगा: टोनर, हातमोजे, पेनड्राइव्ह, पुन्हा टोनर. आपल्या विद्यापीठांत आजवर जेवढी टोनर मार्चमध्ये घेतली गेली, तेवढी पानं अजून कुणी छापलेली नाहीत.

खातं जुन्या पद्धतीचं असेल तर त्यावर व्याज साचलेलं असतं. ते तुमचं नाही, सरकारच्या संचित निधीत भरायचं. रक्कम 37 रुपये असली तरी भारतकोशवर जाऊन भरा, पावती काढा, पावतीवर विभागप्रमुखांची सही, तिची साक्षांकित प्रत यूसीला जोडा. पावती नसेल तर यूसी परत येते आणि यूसी परत आली की तिसरा हप्ता थांबतो.

तिसरा हप्ता कधी आलाच नाही, असं तुमचं म्हणणं असेल तर घाबरू नका, त्याचीही वेगळी यूसी द्यायची असते. प्राप्त रक्कम: निरंक. खर्च: निरंक. शिल्लक: निरंक. तीन प्रती, निळ्या शाईत, वित्त व लेखाधिकाऱ्यांच्या गोल शिक्क्यासह. खोडाखोड चालत नाही.