बिनडाग नाना

आमच्या शेजारच्या नानांना त्यांचं घर 'स्वच्छ' आहे म्हटलेलं खपत नाही. "स्वच्छ तर मोरीही असते," ते म्हणतात. "घर कसं, इमॅक्युलेट हवं!"

नाना बँकेतून निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. पूर्वी खतावणीतली खाडाखोड शोधायचे, आता फरशीवरचे ओघळ शोधतात. त्यांच्याकडे पोहे मिळतात, पण बशीखाली वर्तमानपत्र, मांडीवर नॅपकिन आणि समोर नानांची नजर. एखादा पोहा सांडलाच, तर ते चकार शब्द काढत नाहीत. नुसते उठून ओलं फडकं आणतात. तेवढ्यात आपण आरोपी झालेले असतो.

शब्दांतही तीच टापटीप. "क्लीन म्हणजे धुतलेलं. स्पॉटलेस म्हणजे डाग नसलेलं. इमॅक्युलेटला तेवढ्याने भागत नाही, घडीही मोडता कामा नये." म्हणून त्यांचा सदरा इमॅक्युलेट, अक्षर इमॅक्युलेट, द्रविडचा बचाव इमॅक्युलेट. स्कूटर विकायला काढली तेव्हा पाटीवर 'इमॅक्युलेट कंडिशन'. गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, किती चालवलीय?" काकू आतून म्हणाल्या, "चालवलीय कुठे? पुसलीय!"

पणजीला इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या चर्चसमोर तर त्यांना चेवच चढला. "लोकांना वाटतं, हे येशूच्या जन्माचं आहे. चूक! मेरी स्वतः आईच्या पोटी आली तीच मूळ पापाच्या डागाशिवाय, असा अर्थ. १८५४ साली पोपनी तसं जाहीर केलं. लॅटिनमध्ये मॅक्युला म्हणजे डाग." काकू त्या पांढऱ्याशुभ्र भिंतींकडे बघत म्हणाल्या, "दर पावसाळ्यानंतर रंगाला काय खर्च येत असेल हो!"

गेल्या महिन्यात नानांना खिडकीचे गज वाकडे दिसू लागले. आधी त्यांनी वेल्डरला झापलं, मग डोळे दाखवले.

"मॅक्युलाला सूज आहे," डॉक्टर म्हणाले.

"डाग? माझ्या डोळ्यात?"

"सगळ्यांच्याच असतो, नाना. पडद्याच्या मधोमध पिवळसर ठिपका. बारीकसारीक दिसतं ते त्याच्यामुळेच."

रिक्षात नाना गप्प होते. घरी येऊन सोफ्यावर टेकले, तेही कव्हर न झटकता. "म्हणजे जन्मभर मी डाग शोधले," ते पुटपुटले, "ते डागानेच!"

काकूंनी औषधाचे थेंब घालायला त्यांची मान मागे केली. "कळलं ना? आता तेवढा एक पुसायला जाऊ नका."