शहराची थोरली सून

चीनमधल्या मोठ्या शहराचा महापौर फोटोत ओळखायचा असेल, तर मधोमध उभ्या असलेल्या माणसाकडे बघू नये. तो पक्षाचा सेक्रेटरी. महापौर त्याच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे. अंगात गडद जाकीट आणि साठीला टेकला तरी केस शाईसारखे काळेभोर.

त्याचं सगळं थोरल्या सुनेसारखं. पाणी, बस, मेट्रो, शाळा, गटारं, सगळा रामरगाडा त्याच्या अंगावर. किल्ल्यांचा जुडगा मात्र सासूच्या कमरेला. पक्षाच्या शहर समितीत हा उपसेक्रेटरी, म्हणजे दोन नंबर. (आपल्या मुंबईच्या महापौरांना हे दुःख समजेल. त्यांच्याकडे किल्ल्या आयुक्तांच्या कमरेला, आणि रांधायलाही तेच. शांघाय आणि मुंबई 2014 पासून भगिनी-शहरं आहेत, ते काही उगाच नाही.)

स्वयंपाकघर अगदी शब्दशः. 1988 साली चीनमध्ये ‘भाजीची टोपली’ नावाची योजना निघाली. पुढे वाटणीच झाली: तांदळाचं पोतं प्रांताच्या गव्हर्नरच्या डोक्यावर, टोपली महापौराच्या हातात. डुकराचं मटण कडाडलं की लोक महापौराचं नाव घेतात. नळ गळला, शेजारी रात्री ढोल बडवतो, की 12345 फिरवतात.

निवडणूक होते. आधी वरून माणूस येतो, काही दिवस ‘हंगामी’ म्हणून खुर्चीत बसतो, मग शहराची लोकप्रतिनिधी सभा त्याला रीतसर निवडून देते. उमेदवार बहुधा एकच. तरी निकाल लागल्यावर चेहऱ्यावर धन्यता आणावी लागते, आणि तो ती आणतो.

हाताखाली सात-आठ उपमहापौर. समोरासमोर ‘उप’ म्हणणं तिथे उद्धटपणा, त्यामुळे सगळेच महापौर. व्हरांड्यात नुसतं ‘महापौरसाहेब’ म्हणून हाक मारून पाहा, किती माना वळतात ते!

अशात एखादी सून खमकी निघते. झू रोंगजी 1988 मध्ये शांघायचे महापौर झाले, तेव्हा परदेशी गुंतवणूकदाराला परवान्यासाठी शेकड्याने शिक्के गोळा करावे लागत. झूंनी एकच ठेवला. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं ‘एक-शिक्का झू’. पुढे ते पंतप्रधान झाले.

दुसरे दातोंग शहराचे महापौर गंग यानबो. 2008 पासून जुनी तटबंदी पुन्हा उभारायची म्हणून त्यांनी इतकी घरं पाडली, की लोक त्यांना ‘पाडापाडी गंग’ म्हणू लागले. भल्या पहाटे कामावर हजर, गाडीभोवती अर्ज घेतलेल्या बायाबापड्या. 2013 मध्ये, काम अर्ध्यावर असताना, वरून बदलीचा हुकूम आला: तायुआन. मग दातोंगचे लोक ‘आमचा महापौर नेऊ नका’ म्हणत रस्त्यावर उतरले.

गंग मुकाट्याने तायुआनला गेले आणि तिथे पाडायला घेतलं.